धरणीची हालचाल आणि तिच्या पोटातले तेल

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. संत्री आणि कापूस पिकविणाऱ्या, मँगनीजच्या खाणी पाहिलेल्या पांढुर्णा-सौंसरच्या लोकांस खनिज तेलाशी काय कर्तव्य? पण कर्तव्य निर्माण झाले आहे खरे. बोअर खोल खोल जाऊ लागल्यापासून आपल्याकडे अधूनमधून आवई उठते की, अमक्याच्या वावरात पाण्यावर तेलाचा तवंग आला, तमक्याच्या बोअरमधून फुस्स करून वायू निघाला. आवईमागोमाग परगावचे पाहुणे येतात. गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. तिच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम वडिलांनी अशाच एका गृहस्थास ‘तेलाच्या तपासणीची फी’ म्हणून देऊन टाकली होती. गृहस्थ पावती देऊन गेले ते गेलेच. मुलीचे शिक्षण ट्रस्टने थांबू दिले नाही, परंतु त्या बैठकीत एका वडीलधाऱ्या विश्वस्तांनी मला विचारले, “सर, खरेच आपल्या पायाखाली तेल असेल का? आणि भूकंपाने ते वर येते म्हणतात, ते खरे का?”

यांपैकी दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पहिल्याचे उत्तर त्याच्यातूनच मिळते, म्हणून मी त्याच्यापासून सुरुवात करतो.

खनिज तेल हे विहिरीतल्या पाण्यासारखे जमिनीखालच्या तळ्यात साठलेले नसते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रांत व सरोवरांत जे सूक्ष्म जीव होते, ते मरून तळच्या चिखलात गाडले गेले. त्या चिखलावर आणखी थर साचले आणि तो खाली खाली गेला. जमिनीत जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते. दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश धरा. चिखलाचा थर दोन-तीन किलोमीटर खाली पोचला आणि उष्णता साठ अंशांच्या पुढे गेली की त्या जीवांच्या अवशेषांचे तेल होऊ लागते. सव्वाशे-दीडशे अंशांच्या पुढे तेलाचा वायू होतो. त्याहून फार तापले तर उरतो नुसता कार्बन. आपल्या घाणीवाल्यास ठाऊक असते की दाणा कच्चा असला तर तेल सुटत नाही आणि करपला तर हाती कोळसा येतो. येथेही तसेच आहे. फरक इतकाच की ही आच लाखो वर्षे मंद जळत असते.

तेल सुटले म्हणजे काम झाले, असे नाही. तेल पाण्याहून हलके असते आणि जमिनीतल्या बहुतेक खडकांच्या छिद्रांत पाणी भरलेले असते. त्यामुळे तेल वर चढू लागते आणि त्यास कोणी अडविले नाही तर पृष्ठभागावर येऊन वाया जाते. जगातले बहुतेक तेल असेच वाया गेले असावे. ते अडण्यास वर न पाझरणाऱ्या खडकाचे झाकण लागते, आणि झाकणाचा आकार पालथ्या वाटीसारखा असावा लागतो. सपाट झाकणाखाली तेल सरकत सरकत कडेने निघून जाईल. पालथ्या वाटीखाली मात्र ते वरच्या बाजूस गोळा होऊन राहते. वाटीखालचा खडक वालुकाश्मासारखा किंवा चुनखडकासारखा सच्छिद्र असला म्हणजे साठा तयार झाला.

आता ही वाटी घडविते कोण? धरणीची हालचाल. भूखंडाचे तुकडे एकमेकांस रेटतात, त्या रेट्याने थरांच्या वळ्या पडतात, काही ठिकाणी थर तुटून एक बाजू वर आणि दुसरी खाली सरकते. त्या तुटीस शाळेच्या पुस्तकांत प्रस्तरभंग म्हणतात. आपला भारत सुमारे पाच कोटी वर्षांपासून आशियास रेटीत आहे आणि अजूनही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर पुढे सरकतो. एका माणसाच्या आयुष्यात दोन पुरुष एवढे अंतर होते. हिमालय त्यामुळेच उभा राहिला. हा रेटा हिमालयापाशीच संपत नाही, मध्य भारताच्या खडकांतही पोचतो. १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरचा भूकंप झाला, १९३८ साली सातपुड्यात झाला, ते नर्मदेच्या जुन्या तुटीच्या पट्ट्यातलेच होत. भूगर्भशास्त्रात ‘अलीकडची हालचाल’ म्हटली म्हणजे कालपरवाची समजू नये. पन्नास लाख, कधी एक-दोन कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि अजून न थांबलेली हालचाल तेथे अलीकडची म्हणून गणली जाते.

आपल्या सर्वांत जवळचे आणि शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे गुजरातेतील अंकलेश्वर. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. केशवदेव मालवीय हे त्यामागचे मोठे प्रेरक. १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेज येथे तेल लागले आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला त्याहून मोठा साठा सापडला. पंडित नेहरूंनी तेथल्या पहिल्या विहिरीस ‘वसुधारा’ असे नाव दिले. अंकलेश्वर नर्मदेच्या दक्षिण तीरावर आहे. त्या प्रदेशात जमिनीखाली खूप खोल कोणता खडक आहे, ठाऊक आहे? आपल्या पांढुर्ण्याच्या वावरात नांगराला लागतो तोच काळा फत्तर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे जे थर पसरले, ते येथून तेथपर्यंत एकच आहेत. मग तेथे तेल आणि येथे नाही, असे का?

कारण त्यानंतर दोन्हीकडच्या जमिनींचे प्राक्तन निराळे झाले. खंबातच्या बाजूस जमीन ताणली जाऊन मधला भाग खचला, समुद्र आत आला आणि काळ्या फत्तरावर चिखल व वाळू यांचे हजारो फूट जाडीचे थर साचले. खालचा चिखल शिजला, त्यातून तेल सुटले. पुढे ताणाची जागा रेट्याने घेतली. ज्या तुटींवरून जमीन खाली गेली होती, त्यांच्याचवरून ती आता थोडीशी वर ढकलली जाऊ लागली. उघडलेला खण कोणी मागून ढकलावा आणि आतल्या कपड्यांची घडी वर फुगावी, तशी वरच्या थरांची लांबट वळी उठली. तेल त्या वळीत चढले आणि वरच्या चिखली खडकांनी त्यास अडविले. हे वळी पडण्याचे काम भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडचे आहे. अंकलेश्वरच्या पूर्वेस झगडियाकडे तर त्या तरुण थरांच्या वळ्या उघड्यावरच दिसतात. १९७० च्या मार्चमध्ये भडोचला भूकंप झाला, त्यावरून तेथली जमीन अजून स्वस्थ बसलेली नाही हे कळते.

झगडियाजवळच रतनपूर येथे बाबा घोर यांचा दर्गा आहे आणि तेथे अकीकाच्या जुन्या खाणी आहेत. आमच्या घरांतून अकीकाची अंगठी अनेकजण वापरतात. तो अकीक मूळचा ह्या काळ्या फत्तराच्या पोकळ्यांतच तयार झालेला. पुढे फत्तर झिजून गोटे वाहून आले आणि त्या तरुण थरांत साचले. आपल्या शेतांतही नांगरटीनंतर जे चकचकीत गोटे सापडतात, ते त्याचेच भाऊबंद. बोटातल्या खड्याचे आणि अंकलेश्वरच्या तेलाचे जमिनीखालचे नाते असे जवळचे आहे.

मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्राची हकीकत वर्तमानपत्रांतून पुष्कळ आलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘सागर सम्राट’ या जहाजावरून फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले आणि मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली चुनखडकाची प्रचंड पालथी परात आहे, तिची पूर्वेकडची बाजू तुटलेली आहे. तुटलेली असूनही तेल कोट्यवधी वर्षे आत राहिले. हा मुद्दा ध्यानात असू द्या, कारण आता खरा पेच येतो.

ज्या हालचालीने वाटी घडते, तिनेच वाटी फुटतेही. थरांची वळी जास्त आवळली गेली, किंवा झाकणास आरपार तडा गेला, तर लाखो वर्षांचा साठा वर निघून जातो. काही लोक समजतात की भूकंप होतो तेथे तेल असते. काही समजतात की भूकंप तेल नष्ट करतो. दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. प्रस्तरभंग कधी दरवाजा असतो आणि कधी भिंत असते. खडक एकमेकांवर घासले गेले म्हणजे मधल्या फटीत बारीक पीठ तयार होते. चिखली थर सरकताना फटीवर माती सारवल्यासारखे लेपही बसतात. त्यात पुढे चुना व गारेचे क्षार साचले की फट बुजते आणि भिंतीचे काम करते. मुंबईच्या समुद्रातील ती तुटकी बाजू पुरती फुटकी ठरली नाही, हे तेथल्या साठ्यावरूनच दिसते. पण तीच फट पुन्हा हलली की लेप तडकतो, दरवाजा काही काळ किलकिला होतो, दाबाखालचे तेल, वायू व पाणी वर सरकते, आणि पुढे फट परत बुजू लागते. म्हणून तेलशोधक विचारतात तो प्रश्न असा: ही फट शेवटची हलली केव्हा, तेल येण्याच्या आधी की नंतर?

उदाहरणे पाहू. आसामात दिग्बोई येथे १८८९-९० च्या सुमारास तेल लागले आणि १९०१ मध्ये शुद्धीकरणाचा कारखाना निघाला. ते क्षेत्र नागा टेकड्यांच्या रेट्याने वर चढलेल्या एका वळीत आहे. १८९७ व १९५० चे महाभूकंप सोसलेल्या त्या प्रांताने शतकाहून अधिक काळ तेल दिले. तेथे हालचाल उपकारक ठरली. त्याच हिमालयी रेट्याच्या पट्ट्यात, हिमाचलात, ज्वालामुखी देवीचे स्थान आहे. तेथे खडकांच्या फटींतून नैसर्गिक वायू अखंड बाहेर येतो व जळतो. १९५० च्या दशकात आयोगाने तेथे विहीर खोदून पाहिली; वायू आढळला, पण व्यापारास पुरेल एवढा नाही. श्रद्धेच्या दृष्टीने ती ज्योत आहेच. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ते न बसलेले झाकण आहे.

अशीच ज्योत बाकू शहराजवळ सुराखानी येथे होती. तेथल्या अग्निमंदिराच्या भिंतींवर देवनागरी लिपीतले शिलालेख आहेत, कारण आपल्याकडचे व्यापारी व साधू तेथवर जात असत. आसपासच्या क्षेत्रांतून वायूचा उपसा होत गेला आणि १९६९ च्या सुमारास ती नैसर्गिक ज्योत विझली. आज तेथे नळाने आणलेला वायू जळतो. झाकण फुटके असले तरी खाली साठा असू शकतो हे बाकूने दाखविले आणि ज्वालामुखीने त्याची उलट बाजू दाखविली.

इराणातील मस्जिद-ए-सुलेमान येथे १९०८ मध्ये तेल लागले, तेथून आखाती देशांच्या तेलाचा आधुनिक इतिहास सुरू होतो. आपल्यापैकी कित्येकांचे मुलगे व जावई आज आखातात नोकरीस आहेत, त्यांनी झाग्रोस पर्वताचे नाव ऐकले असेल. तो पर्वत अजून उठतो आहे आणि तेथे भूकंप नित्याचे आहेत. तेथल्या चुनखडकास हालचालीमुळे असंख्य भेगा पडल्या, त्यामुळे एरवी घट्ट असलेल्या खडकातून तेल वेगाने वाहू लागले. मग ते निसटले कसे नाही? काही निसटतेच, तेथे डांबराचे झरे पुरातन काळापासून माहीत आहेत. पण वर जे झाकण आहे त्यात जिप्समसारखे क्षार व मीठ यांचे थर आहेत. मिठाचा थर दाबाखाली कणकेसारखा वागतो. कणकेच्या गोळ्यात बोट खुपसून दाबले तर भोक मिटते. तव्यावरच्या कडक भाकरीस तडा गेला तर तो जुळत नाही. झाकण कणकेचे की भाकरीचे, यावर एका देशाची संपत्ती ठरू शकते.

आता हानीचे उदाहरण. ऑस्ट्रेलिया आणि तिमोर बेट यांच्यामधल्या तिमोर समुद्रात गेल्या काही दशलक्ष वर्षांत ऑस्ट्रेलियाचा भूखंड बेटाच्या बाजूस जाऊन भिडला. तेथे जुन्या काळचे उत्तम सापळे होते, तेलाने भरलेले. या धडकेने जुन्या तुटी पुन्हा हलल्या आणि कित्येक सापळे गळून गेले. विहीर खोदावी तर खडकाला तेलाचा डाग व वास मात्र मिळे आणि छिद्रांत पाणी निघे. रिकाम्या बरणीच्या आतल्या बाजूस लोणच्याचे तेल चिकटलेले राहते ना, तसे. कोणती तूट अलीकडे हलली आणि कोणती हलली नाही, हे पाहूनच तेथे पुढची विहीर कोठे घ्यावयाची ते ठरविणे भाग पडले.

नॉर्वेच्या उत्तरेस बॅरेंट्स समुद्रात झाकण फुटण्याचीही गरज पडली नाही. जमीन वर उचलली गेली आणि हिमयुगात बर्फाने वरचे थर खरवडून नेले. दाब कमी झाला. सोडावॉटरची बाटली उघडताच जसा वायू फसफसून येतो, तसा तेलात विरघळलेला वायू सुटला, फुगला, वाटीचा वरचा भाग त्याने व्यापला आणि तेलास खालून वाटीच्या कडेबाहेर रेटले. तेथल्या अनेक सापळ्यांत आता वायू आहे व तेलाचा नुसता अंश राहिला आहे.

आणि डोळ्यांदेखत घडलेला प्रकार ऐका. २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात मोठा भूकंप झाला. काही तासांतच, केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, ग्वादरच्या किनाऱ्यासमोर समुद्रातून चिखलाचे एक बेट वर आले. त्याच्या भेगांतून मिथेन वायू बुडबुडत होता आणि काडी लावल्यास पेटत होता. लोकांनी त्यास ‘जलजला कोह’, म्हणजे भूकंपाचा डोंगर, म्हटले. काही वर्षांत समुद्राने ते धुऊन नेले. १९४५ च्या मकरान भूकंपानंतरही तेथे अशी बेटे उगवली होती. तेव्हा भूकंपाने वायू वर येतो काय, याचे उत्तर ‘होय’ आहे. पण वर आलेला वायू हवेत गेला. त्यातून एकाही घराची चूल पेटली नाही. साठा पाहिजे असेल तर धरणीने आधी हलावे आणि नंतर पुष्कळ काळ स्वस्थ बसावे लागते.

आता आपल्या घरी येऊ.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा व सौंसर हे त्याचे दोन तालुके. जिल्हा नवा असला तरी सौंसरचे नाव भूगर्भशास्त्रात फार जुने आहे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या मँगनीजवाहक खडकांच्या समूहास ‘सौंसर’ असेच नाव आहे. जगातले भूशास्त्रज्ञ आपल्या गावाचे नाव घेतात याचा आपणांस अभिमान वाटावा. विसाव्या शतकाच्या आरंभी फर्मोर या शास्त्रज्ञाने या खनिजांचा कसून अभ्यास केला. सीतापार या आपल्याकडच्या गावावरून त्याने एका खनिजास ‘सीतापाराइट’ नाव दिले होते. पुढे ते बिक्सबाइट या आधीच माहीत असलेल्या खनिजाहून निराळे नाही असे ठरले. नाव गेले, पण पुस्तकांत नोंद राहिली.

हे सौंसरचे खडक मूळचे समुद्रातलेच गाळ होते. मग त्यांत तेल का नाही? कारण सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी ते पर्वतनिर्मितीच्या भट्टीत सापडले आणि पाचशे अंशांहून अधिक तापले. चुनखडकाचा संगमरवर झाला, चिखलाचा अभ्रकी खडक झाला. तेलास दीडशे अंशही सोसत नाहीत, हे आपण पाहिले. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात जुन्या खडकांत ग्रॅफाइट सापडते, म्हणजे पेन्सिलीतले शिसे. करपलेल्या दाण्याचे हे उदाहरण.

पांढुर्ण्याकडे यांच्यावर काळा फत्तर आहे. त्याच्याखाली काय दडले आहे, ही उत्सुकता रास्त आहे, कारण काही ठिकाणी लाव्हाखाली जुने गाळाचे थर झाकले गेले आहेत. महाराष्ट्रात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या विवरांनी याची थोडी कल्पना दिली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस ६१७ मीटर खोल विवर घेतले. त्यात ३३८ मीटर काळा फत्तर लागला, मग गाळाचा अगदी पातळ थर, आणि त्याखाली लगेच जुना कठीण पाया. कोयनेस २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पुरे झाले. तेथे सव्वा किलोमीटर फत्तर आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. तेल शिजण्यास हजारो फूट गाळ लागतो. दोन्ही ठिकाणी तो नव्हता.

आपल्या भागात अलीकडच्या हालचालीची खूण पाहावयाची असेल तर सालबर्डीस जावे. महाशिवरात्रीच्या यात्रेस आपल्यापैकी बरेचजण गेलेले आहेत. तेथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि फत्तराखालचे जुने वालुकाश्म उघडे पडलेले आहेत. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने जाणारा गाविलगडचा प्रस्तरभंग तेथून जातो. हाच तुटीचा पट्टा पुढे पूर्वेस कन्हानच्या खोऱ्याकडे येतो. त्याच्या उत्तरेस डोंगर वर गेला, दक्षिणेस अकोला-अमरावतीकडे पूर्णेचे खोरे खचले आणि त्यात शेकडो मीटर गाळ साचला. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. धरणीने येथे खोलगट भांडे तयार केले, भरलेही. पण सारे इतके नवे आणि इतके उथळ की खाली आच लागलीच नाही. दाणा कच्चा राहिला.

वायूचा मात्र एक खरा नातलग आपल्याजवळ आहे. उत्तरेस परासिया, जुन्नारदेवच्या पट्ट्यात पेंच-कन्हानचा दगडी कोळसा आहे. कोळशाच्या अंगात मिथेन शोषलेला असतो आणि भूजलाचा दाब त्यास तेथे धरून ठेवतो. याच प्रकारचा वायू आपल्या राज्यात शहडोलकडे सोहागपूरच्या कोळशातून २०१७ पासून व्यापारी प्रमाणावर काढला जात आहे. त्यासाठी पालथी वाटी लागत नाही, परंतु तुटींनी कोळसा उघडा पडला असेल तर तेथला वायूही कधीच उडून गेलेला असतो. माझे स्पष्ट मत विचाराल तर: सौंसरच्या जुन्या खडकांत तेल नाही, पांढुर्ण्याच्या फत्तरात चार-सहाशे फुटांच्या बोअरला तेल लागण्याचे कारण नाही, आणि खाली कोठे कोळशाचे थर असतीलच तर ते शोधणे हे सरकारी सर्वेक्षणाचे काम आहे, फीची पावती फाडणाऱ्याचे नव्हे.

तेलाच्या दृष्टीने जी भेग म्हणजे गळती, तीच आपल्या बागाईतदाराचा आधार आहे. घट्ट फत्तरात पाणी राहते ते भेगांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. दोन शेजाऱ्यांच्या बोअरपैकी एकास पाणी लागते आणि दुसऱ्याचे कोरडे जाते, त्यामागे बहुधा अशा भेगेची दिशा असते. ही भेगही पावसाने भरेल तितकीच भरते. पाचशे फुटांखाली पाणी मिळाले नाही म्हणून आठशेपर्यंत जाणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करावा. एका हंगामाचे संत्र्याचे पैसे त्या भोकात जातात.

भाषणापूर्वी काही चिठ्ठ्या आल्या होत्या, त्यांची उत्तरे देऊन मी थांबतो.

एकीने विचारले आहे, तवंग तेलाचा की कशाचा, हे घरी कसे ओळखावे? काडीने तवंग हलवून पाहा. कडक पापुद्र्यासारखे त्याचे तुकडे झाले आणि ते पुन्हा जुळले नाहीत, तर तो पाण्यातल्या लोहावर वाढणाऱ्या जंतूंचा थर होय. भोवरा होऊन पुन्हा एकजीव झाला तर तेल किंवा वंगण समजावे, आणि ते बहुधा बोअरच्या यंत्राचे वा मोटारीचे असते. महिनाभर उपसा करून पाहिल्यावर बहुधा नाहीसे होते.

दुसरी चिठ्ठी बोअरमधून सुटणाऱ्या वायूची आहे. पाण्याची पातळी खूप खाली गेली की वरच्या भेगांत हवा भरते. वातावरणाचा दाब कमी होतो तेव्हा, विशेषतः वादळापूर्वी, ती हवा बोअरमधून फुस्स करून बाहेर येते. दाब वाढला की बोअर हवा आत ओढते. बहुतेक वेळा प्रकार एवढाच असतो. तरीही खात्री होईपर्यंत काडी ओढू नये, बिडी पेटवू नये, मोटारीचे बटण दाबू नये. मुलांना दूर ठेवून पोलीस ठाण्यात व तहसील कचेरीत कळवावे. जुन्या विहिरीत तर गाळ काढण्यासाठीसुद्धा कोणी एकाएकी उतरू नये. तळाशी साचलेला जड वायू दिसत नाही, आणि पहिल्यास वाचविण्यास उतरलेला दुसराही त्यात जातो.

तिसऱ्या चिठ्ठीत, तेल लागलेच तर मालक कोण, असे विचारले आहे. वावर आपले असले तरी खनिज तेल शोधण्यास व काढण्यास सरकारचा परवाना लागतो. त्यासाठी १९४८ चा कायदा आहे. शेतकऱ्याकडून फी, अनामत किंवा हिस्सा मागून कोणी तेल तपासणार असेल, तर त्याच्याकडे परवाना पाहावा आणि परवान्याची नक्कल घेऊन कलेक्टर कचेरीत विचारणा करावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपूरला आहे, येथून काही तासांच्या अंतरावर. ज्यांना तेथे पत्र पाठवावयाचे असेल त्यांना मसुदा लिहून देण्यास मी दर रविवारी सकाळी ट्रस्टच्या वाचनालयात बसतो. येताना बोअरची खोली, किती फुटांवर कोणता दगड लागला आणि पाणी केव्हा आले, एवढे कागदावर लिहून आणावे. बोअर मारणाऱ्याकडून ते त्याच दिवशी लिहून घेतलेले बरे.